धार लावणाऱ्याचा वाटा किती?



गेल्या खंडेनवमीला सत्संग संपल्यावर प्रसाद वाटणं चालू होतं, तेव्हा आपल्यातल्या एका तरुण साधकानं एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आज आपण सुरी, विळा, कोयता, कुऱ्हाड सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. तिकडे पुण्यात पोरं हाच कोयता घेऊन रस्त्यावर फिरतात, गाड्या फोडतात, माणसं तोडतात. मग ज्यानं त्या कोयत्याला धार लावून दिली, त्याला काही पाप लागतं की नाही?"

आपण सगळ्यांनी पटकन उत्तरं दिली. कुणी म्हणालं, हत्याराला कसलं आलंय पाप, ज्याचं कर्म त्यानं भोगावं. कुणी म्हणालं, असा विचार करत बसलं तर लोहारानं भाता पेटवूच नये. त्या पोराचं समाधान झालं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी त्या दिवशी काही बोललो नाही. बोललो नाही याला कारण होतं, ते पुढे सांगतो. दोघा-तिघांनी नंतर फोन करून "तुम्ही लिहा" म्हटलं, म्हणून हे लिहितोय. जरा लांब झालंय, सवडीनं वाचा.

आधी धार म्हणजे काय ते बघू. मला हे काम लहानपणी आमच्या आजोबांनी, आबांनी शिकवलं. देगलूर तालुक्यात आमचं गाव. वडील नोकरीसाठी हैदराबादला आलेले, आम्ही काचीगुड्याला राहायचो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जायचो. आबा अंगणात कडुनिंबाखाली बसून गावभरच्या कुऱ्हाडी, विळे, कोयते घासून द्यायचे. पैसे घेत नसत. दगडावर आधी पाणी मारायचं. मग पातं ठरावीक कोनात धरायचं आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. कुऱ्हाडीला एका बाजूनं साधारण २५ ते ३० अंश, स्वयंपाकघरातल्या सुरीला १५ ते २०. कुऱ्हाडीला सुरीसारखी बारीक धार लावली तर पहिल्याच घावाला लाकडात तुकडा उडतो. एक बाजू घासत गेलं की दुसऱ्या बाजूला केसासारखी बारीक कड उलटते, बोटाला खरखर लागते. ती लागली म्हणजे ही बाजू झाली, पातं उलटं करायचं. शेवटी हलक्या हातानं दोन्ही बाजू फिरवून ती कड काढून टाकायची.

आता बाजारात विजेवर फिरणारा दगड आलाय, दोन मिनिटांत काम होतं, ठिणग्या उडतात. पण जोरात दाबून धरलं की पात्याची कड तापून निळी पडते आणि लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. दिसायला चकचकीत, चार दिवसांत बोथट. हातानं, पाणी मारत घासलं की वेळ लागतो, पण लोखंड तापत नाही. आणि दुसरीही एक गोष्ट होते. वेळ लागतो म्हणून हत्यार घेऊन आलेला माणूस समोर बसून राहतो. तो बसला की बोलतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच काम आहे.

तर धार लावणारा हत्यारात नवं काही घालत नाही. फक्त काढतो. घासून घासून लोखंड कमी करतो, आणि जे उरतं ते कापतं. म्हणून "मी काय केलं? मी तर फक्त घासलं" असं म्हणायला त्याला जागा आहे. कायद्यानंही थोडी जागा ठेवलीय. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात शस्त्राची व्याख्या करताना म्हटलंय की जी वस्तू केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली आहे, ती शस्त्रात धरायची नाही. उदाहरण म्हणून लाठी आणि हातातली साधी काठी दिलीय. म्हणजे कायदा लोखंडाची लांबी बघायच्या आधी वस्तूचा हेतू विचारतो. चांगलंच आहे. पण वस्तूचा हेतू एक आणि ती धरणाऱ्या हाताचा हेतू दुसरा असला, तर?

'कोयता' हाच शब्द घ्या. बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड गाडीत घालायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचं आणि पट्टा पडेपर्यंत कोपीत राहायचं. एखादा दिवस आजारी पडलं तर खाडा, म्हणजे उलट दंड. या लोकांचा दिवस पहाटे अंधारात धार लावण्यापासून सुरू होतो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त असते. आणि घाव स्वच्छ लागला तरच खोडवा नीट फुटतो. बोथट कोयत्यानं बुडखा चिरफळतो. शिवाय बोथट कोयत्याला जोर जास्त लागतो, खांदा आणि मनगट त्यात जातं. म्हणजे त्या बाईच्या हातातल्या कोयत्याला चांगली धार असणं ही तिच्यावर दया आहे. आपल्या सकाळच्या चहात जी साखर आहे, ती या धारेनं आलेली आहे. आणि पुण्याच्या बातम्यांत तोच शब्द 'कोयता गँग' म्हणून येतो. शब्द एकच, पातं तेच, धारही तीच. मग धार लावणाऱ्यानं काय करायचं?

एक उत्तर असं आहे की या धंद्यातच पडू नये. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही, मोठ्या लोकांनी दिलेलं आहे. भगवान बुद्धांनी गृहस्थानं जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितले, त्यात शस्त्रांचा व्यापार आहे. जैन श्रावकांच्या व्रतांमध्ये 'अनर्थदंड' सोडण्याचं व्रत आहे, आणि त्यात 'हिंसादान' म्हणून एक दोष सांगितलाय. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं, असा त्याचा अर्थ, आणि त्या साधनांच्या यादीत कुऱ्हाडसुद्धा आहे! म्हणजे देणाराही मोकळा नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच ठरलेलं आहे. पण शब्द बघा, 'अनर्थ'. विनाकारण, प्रयोजन नसताना. ज्याला प्रयोजन आहे त्याचा प्रश्न तिथंही वेगळा धरलाय. सगळ्यांनी कुऱ्हाडी टाकून दिल्या तर चूल पेटणार नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच समजावतो. तो मांस विकणारा, आणि ब्राह्मण त्याच्याकडे शिकायला आलेला. तो म्हणतो की शेती चांगली म्हणता, पण नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात ते कुणी मोजत नाही. म्हणजे धारेशिवाय जगणारा कुणीच नाही. हात झटकून बाजूला उभं राहायला जागाच नाही.

मग वाटा कसा ठरवायचा? मला वाटतं, अंतरावरून काहीसा ठरतो. आपल्या तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथं मुशीत वितळवून असं पोलाद तयार व्हायचं की ते न्यायला इराणातले व्यापारी येऊन राहायचे. व्हॉयसी नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं ते काम स्वतः पाहून लिहून ठेवलंय. आता तिथल्या भट्टीवर राबणाऱ्या माणसाला काय माहीत, या पोलादाची पुढे तलवार होणार की वस्तरा? ती कुणाच्या मानेवर पडणार? तो हजारो कोस लांब. पोलाद करणारा लांब, पातं घडवणारा जरा जवळ, विकणारा आणखी जवळ. आणि धार लावणारा सगळ्यांत जवळ. त्याच्या समोर ते हत्यार वापरणारा माणूस स्वतः बसलेला असतो. त्याला तोंड दिसतं.

आमच्या बडी चावडीकडे एक म्हातारे चाचा सायकलवर दगड बसवून यायचे. सायकल स्टँडवर लावायची, पायडल मारलं की दगड फिरायचा. बकरीदच्या आधीचा आठवडा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. ते सांगायचे की आमच्यात हुकूमच आहे, छुरी तेज करून ठेवा म्हणजे जनावराला त्रास कमी होईल, आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार लावू नका. मोठ्या दगडावर काम झालं की ते हातातल्या छोट्या दगडावर पाणी टाकून शेवटचा हात फिरवायचे. कुणी नवीन माणूस मोठं पातं घेऊन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कायकू होना इतनी धार?" नारळ फोडायला, मांडवाचे बांबू तोडायला, जे असेल ते माणूस सांगायचा. एकदा माझ्यासमोर एक पोरगं आलं. डोळे लाल. प्रश्न विचारल्यावर म्हणालं, "तुमकू क्या करना है, पैसे लेओ." चाचांनी पायडल थांबवलं. "पट्टा टूट गया बेटा, कल आना." पट्टा धडधाकट होता, मला दिसत होता. पोरगं शिव्या देत गेलं. मी विचारलं, "चाचा, तो दुसरीकडून लावून घेईल की." ते म्हणाले, "लेने दो. पत्थर अंधा है साब, मैं तो अंधा नै."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. कारण मी एकदा आंधळा झालो होतो.

आता ते सांगतो, ज्यामुळे मी त्या दिवशी गप्प बसलो. माझं वय तेव्हा १६. दहावीची परीक्षा देऊन गावाला गेलो होतो. आबा आजारी, अंथरुणावर. त्यांची जागा मी घेतलेली, कडुनिंबाखाली बसून मोठ्या ऐटीत धार लावायचो. आमच्या थोरल्या चुलत्यांचं आणि धाकट्या चुलत्यांचं, म्हणजे आप्पांचं आणि तात्यांचं, बांधावरून वाकडं होतं. घरोघरी असतं तसं. बांधावरची एक बाभूळ कुणाची, इतकीच गोष्ट. एका दुपारी आप्पा कुऱ्हाड घेऊन आले आणि समोर बसले. मी घासत होतो, ते बोलत होते. तात्यांनी कसा बांध कोरला, कसं घर फोडलं, आता एकदा निकालच लावतो. बोलताना त्यांचं लक्ष कुऱ्हाडीकडे नव्हतं, तात्यांच्या घराकडे होतं. हे मी बघितलं. मी बघितलं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. पण मोठं माणूस आपल्याशी बरोबरीनं बोलतंय, याचा मला अभिमान वाटत होता. मी म्हणालो, "बरोबर आहे आप्पा तुमचं."

आबांची शिकवण होती की धारदार वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. जमिनीवर ठेवायची, ज्याची त्यानं उचलायची. मी ती बरोब्बर पाळली. कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. आप्पांनी उचलली.

तिसऱ्या दिवशी बांधावर बाचाबाची झाली आणि घाव तात्यांच्या हातावर बसला. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली. आप्पांना शिक्षा झाली, जमीन कोर्टात गेली. दोन्ही घरांचा पोळ्याचा बैल एकत्र निघायचा बंद झाला तो झालाच. मला कुणी काही विचारलं नाही. पोरगं होतं, धार लावून दिली, त्याचा काय दोष? मीही स्वतःला हेच सांगत आलो. ४५ वर्षं.

आपल्या सगळ्यांना वाल्या कोळ्याची गोष्ट माहीत आहे. नारदमुनी त्याला म्हणतात, घरी जाऊन विचार, तुझ्या पापात कोण वाटेकरी होणार? बायको-पोरं म्हणतात, आम्ही नाही बाबा, तुझं तू बघ. त्यावर आपण नेहमी असं शिकतो की ज्याचं पाप त्याच्यापाशी. वाल्याच्या दृष्टीनं ते खरंच आहे. त्याला दुसऱ्याच्या गळ्यात पाप घालता येत नाही, आणि हे कळल्यावरच तो वाल्मीकी होतो. पण मी अलीकडे ही गोष्ट घरच्यांच्या बाजूनं वाचायला लागलो. त्यांचं उत्तर बरोबर होतं का? रोज घरात येणारे दागिने, कपडे कुठून येतात हे त्यांना दिसत नव्हतं? त्यांनी कधी विचारलं? ते म्हणाले "आमचा वाटा नाही", आणि गोष्ट तिथून पुढे वाल्याबरोबर निघून गेली. घरच्यांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. मला वाटतं, मी त्या घरातच राहिलो होतो.

म्हणून त्या तरुण साधकाला माझं उत्तर असं आहे. पापाची वाटणी शेतासारखी होत नाही, की धार लावणाऱ्यानं चार आणे घेतले म्हणजे मारणाऱ्याकडे बारा आणे उरले. मारणाऱ्याचं पूर्ण सोळा आणे त्याच्याकडेच राहतं, त्यातलं काही कमी होत नाही. धार लावणाऱ्याचं जे आहे ते वेगळं खातं. त्याच्या खात्यात एवढंच लिहिलं जातं, की तुला काय दिसत होतं आणि तू काय केलंस? काहीच दिसत नसेल, तर खातं कोरं. त्यानं भिऊन दगड फेकून द्यायची गरज नाही. पण दिसत असून बघितलं नसेल, तर "मी फक्त घासलं" हे उत्तर चालत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांडा बिचारा लाकडाचा, त्याला डोळे नाहीत. आपल्याला आहेत.

आणि आपण कुऱ्हाडी घासत नाही, म्हणून हे आपल्याला लागू नाही, असं समजू नका. घरात एखादा माणूस भावावर, सुनेवर, सासूवर चिडून येतो, आपल्यासमोर बसून बोलतो. आपण त्याला बरं वाटावं म्हणून "बरोबर आहे तुझं" म्हणतो. तो उठतो तेव्हा धार लागलेली असते. मोबाईलवर एखादा मेसेज येतो, कुणाबद्दल तरी विष भरलेलं असतं. आपण न वाचता पुढे ढकलतो. तेही जमिनीवर ठेवणंच आहे. ज्याला उचलायचं तो उचलतो, आपण म्हणतो आम्ही कुठं हातात दिलं? चाचांसारखं "पट्टा टूट गया" म्हणायला फार मोठं ज्ञान लागत नाही. एक प्रश्न विचारायचा, इतकी धार कशाला पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत हात थांबवायचा. काही वेळा तेवढ्यात समोरच्याचा रागही निवतो. तो सगळ्यांचाच निवेल असं मी म्हणत नाही.

शेवटचं सांगून थांबतो. दोन वर्षांपूर्वी मी गावाला गेलो. आप्पा आता नाहीत. तात्या आहेत, नव्वदीकडे आलेत, ऐकू कमी येतं. मी त्यांच्या बाजेजवळ बसलो आणि जरा मोठ्यानं बोलून सगळं सांगितलं. धार मी लावली होती, आणि आप्पांना "बरोबर आहे" मीच म्हणालो होतो. त्यांनी त्या वाकड्या बोटांनी माझा हात धरला. म्हणाले, "धारेचं मनाला लावून घेऊ नको. तेव्हाच डॉक्टर म्हणाला होता, घाव स्वच्छ आहे म्हणून टाके बसले. बोथट कुऱ्हाड असती तर हातच गेला असता." मला हायसं वाटलं. मग थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "पण त्याला बरोबर म्हणालास, ते नको होतं. तू 'आप्पा, राहू द्या' म्हणाला असतास तर कदाचित तो थांबला असता. तुझ्यावर त्याचा लई जीव होता."

ते वाक्य मी बरोबर घेऊन हैदराबादला आलो. या वर्षी खंडेनवमीला आबांचा तो दगड मी पूजेत ठेवला होता. कुऱ्हाड ठेवली नाही. दगड मधे खोलगट झालाय, इतकी पाती त्यावरून गेलीत. त्याला हळद-कुंकू लावताना मी एवढंच मागितलं की समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघायचं विसरू नये.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा असावी. कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगावं, रविवारी बोलू. तो तरुण साधक हे वाचत असेल, तर त्याला सांगायचंय: त्या दिवशी मी उत्तर टाळलं होतं. उशीर झाला, रागावू नकोस.

सर्वांचं कल्याण होवो. 🙏

— आपलाच एक गुरुबंधू, हैदराबाद